वाडी रिकामी करण्याचा मान

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील तमाम बंधुभगिनी, त्यांची गुरेढोरे, मोटारसायकली आणि मुंबईस असलेले नातेवाईक यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, पृथ्वीचे तापमान वाढत असून पावसाचा काहीही भरवसा उरलेला नाही. तथापि घाबरून जाण्याचे कारण नाही. आमच्या गटाने या जागतिक संकटावर उपाययोजना हाती घेतली आहे. सदर उपाययोजनेस एक नारळ, एक सुपारी आणि भंगारातला एक भोंगा एवढेच साहित्य लागते.

हे जाहीर निवेदन मी खरोखरच जाड पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून माझ्या स्टेशनरीच्या दुकानाबाहेर टांगलं होतं. आमच्या गटातल्या बाईंनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "काढा." मी काढलं. बाईंच्या शब्दापुढे महाडात कोणी जात नाही. पण त्या पुठ्ठ्यावरचा शब्द न् शब्द खरा होता, आणि तो कसा, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या गटाला नाव नाही. एकदा ठेवायचं ठरलं होतं, पण त्या बैठकीत गरम भजी आली. गटाचा मेंदू म्हणजे बाई. पोलादपूरच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, अंगाने काटकुळ्या आणि मताने ठाम. दुसरा माझा एक मित्र. तो औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात कामाला आहे आणि पाळीप्रमाणे आमच्या बैठकीत कधी जागा असतो, कधी झोपलेला. तिसरा मी. माझं हवामानाचं ज्ञान छत्री घ्यावी की घेऊ नये इथपर्यंतच. पण गणपतीत मी नाटकं बसवतो, त्यामुळे माणसांना उभं कुठे करायचं आणि बाहेर कधी काढायचं यातला तज्ज्ञ समजला जातो. स्वतःकडूनच, पण समजला जातो.

भेटायचो आम्ही चवदार तळ्याच्या कठड्याशी, संध्याकाळी. मार्चात तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा माझ्या दुकानात. दुकानातले खालचे कप्पे मी पावसाळाभर रिकामे ठेवतो. बाहेरगावचं गिऱ्हाईक विचारतं, "माल संपला का हो?" महाडकर विचारत नाही. पुराचं पाणी कुठवर येतं हे त्याच्या दुकानानेही पाहिलेलं असतं.

सुरुवातीला आम्ही गावोगाव जाऊन पडद्यावर चित्रं दाखवायचो. तापलेली पृथ्वी, वितळणारा बर्फ आणि त्या बर्फाच्या तुकड्यावर एकटं उभं असलेलं पांढरं अस्वल. लोक शांतपणे बघत, आम्हाला चहा देत, निघताना काकड्या देत. एका गावात कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी बाईंचा हात धरून कळवळून म्हणाली, "मंग त्या अस्वलाचं काय झालं गो? वाचलं का?" म्हातारीच्या घरामागे उभा डोंगर होता, वरची झाडं कलली होती आणि तिला काळजी अस्वलाची लागली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी अस्वल काढून टाकलं आणि त्या जागी डोंगर घातला. माझ्या मते आमच्या गटाने घेतलेला हा पहिला शहाणपणाचा निर्णय.

अस्वल गेलं आणि आम्ही त्या वाडीत पोचलो.

वरंधला जाणाऱ्या रस्त्यावरून एक वाट वर फुटते. त्या वाटेच्या शेवटी ही वाडी. डोंगराच्या कुशीत वर-खाली बसलेली थोडी घरं, बाजूने ओढा, आणि ओढ्यापासून लांब डोंगराच्या एका सोंडेवर सपाट माळ. आज त्या माळावर निळ्या पत्र्याची शेड आहे. तेव्हा नुसतं गवत होतं आणि गवतात चरणारं एक अतिशय उद्धट वासरू. वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग गेलेली होती. आदल्या पावसाळ्यात पडली, असं लोक सांगत. ज्या सुरात आपण शेजाऱ्याला नवीन जावई आल्याचं सांगतो, त्या सुरात सांगत.

बाईंनी वाडीतल्या बायकांना जमवून खुणा शिकवल्या. झाडं, खांब कलायला लागले, जमिनीला नव्या चिरा पडल्या, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा एकाएकी आटलं, तर कारण शोधत बसायचं नाही. पोरंबाळं घ्यायची आणि माळावर जायचं. बायकांत एक सून होती, बचतगटाचं काम बघणारी. तिने हे सगळं एकदाच ऐकलं आणि न अडखळता परत म्हणून दाखवलं. बाई हरखल्या. वाडीची जबाबदारी तिच्यावर द्यायची, असं तिथल्या तिथे ठरलं. माझ्या मित्राने कुठल्याशा भंगारवाल्याकडून हाताने फिरवायचा जुना भोंगा आणला होता. मूठ गरगर फिरवली की त्यातून असा आवाज निघे की ते उद्धट वासरूसुद्धा नम्र होई. तो भोंगा माळावर, जुन्या समाधीच्या ओट्याशी बसवला आणि त्याची मूठ सुनेच्या हातात दिली.

तिने मूठ घेतली, पण चेहरा काही खुलला नाही.

"बाई, मी भोंगा वाजवन," ती म्हणाली. "पन घरी मामांना कोन सांगनार?"

मामा म्हणजे तिचे सासरे. बाईंना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येत असेल. म्हाताऱ्याला ऐकू उत्तम येत होतं. अडचण निराळी होती, आणि ती आम्हाला पहिल्या तालमीत कळली.

तालीम मी बसवली होती, हे वेगळं सांगायला नको. घरांचा नकाशा काढून कोणी कुठून निघायचं ते मी आखलं. डोंगराच्या तोंडाशी असलेली वरची घरं आधी, मग मधली, मग खालची. नाटकातसुद्धा जमाव बाहेर काढताना मागचे आधी हलवतात, नाहीतर विंगेत चेंगराचेंगरी होते. एका सकाळी, पाऊस नसताना, सुनेने भोंगा वाजवला. वरच्या घरांतली माणसं ठरल्याप्रमाणे बाहेर पडली. कोणाच्या डोक्यावर गाठोडं, कोणाच्या कडेवर पोर, एका बाईच्या काखेत मिक्सर. झपझप खाली उतरली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायला घेतल्या. तेवढ्यात ती सगळी माणसं एका अंगणात येऊन उभी राहिली. मागून मधली घरं आली, तीही तिथेच थांबली. खालची आली, ती उलट चढून तिथेच थांबली. सगळी पात्रं रंगमंचावर आणि जायला कोणी तयार नाही!

ते अंगण होतं सुनेच्या सासऱ्यांचं. वाडी त्यांना आबा म्हणे. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची गुरं माना वळवतील. आबा ओटीवर बसून बशीतून चहा पीत होते.

"या, या," ते म्हणाले. "एवढी गाठोडी घेऊन कुठं निगाले सगळे?"

"डोंगर खाली येनार हाय म्हनं," मिक्सरवाली म्हणाली.

"कंदी?"

"तालीम हाय, आबा."

"मंग चाय घ्या."

आणि वाडीने चहा घेतला. मी माळावरून धावत खाली आलो. "अहो, थांबलात का? चला!" तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी देवळात चपला घालून शिरलोय.

"सर, आमी पुढं कसं जानार?" एकजण हळूच म्हणाला. "मान आबांचा हाय."

आबांचं घर वाडीतलं मानकऱ्याचं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी उठते ती त्यांच्या अंगणातून. पहिला खांदा त्यांचा, पहिला नारळ त्यांचा. वाडी मिळून कुठेही निघाली की पहिलं पाऊल त्यांच्या घराचं पडतं, मग बाकीच्यांचं. लग्नाला, देवाला, मयताला. डोंगर कोसळताना काय करायचं, याबद्दल रिवाजात वेगळी तरतूद नव्हती, त्यामुळे लोकांनी आहे तोच नियम लावला होता.

"आणि तुम्ही का नाही निघालात, आबा?" मी विचारलं. "भोंगा ऐकलात ना?"

"ऐकला की. आमच्या सुनंनं वाजवला." बशी त्यांनी शांतपणे खाली ठेवली. "सून भोंगा वाजवनार आन् सासरा घर सोडून पळनार? तुमी शिकलेले हाव. तुमीच सांगा, बसतंय का हे? मला ना नारळ, ना सुपारी. कुनी दारात येऊन सांगितलं, आबा चला म्हनून?"

सून माळावर भोंग्याची मूठ धरून एकटीच उभी होती. वाडी रिकामी करणारी एकमेव बाई माळावर, आणि वाडी चहा पीत बसलेली.

परतीच्या वाटेवर बाई गाडीच्या खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या. "दरड काय मान बघून येते?" त्या दरीला विचारत होत्या. मागच्या सीटवर रात्रपाळी करून आलेला माझा मित्र झोपला होता. त्याने एक डोळा उघडला. "यात काय नवल आहे? कारखान्यातसुद्धा भोंगा वाजला की सगळे आधी साहेबाच्या केबिनकडे बघतात. तो उठला तर खरं." आणि डोळा मिटला.

सुनेचं म्हणणं मात्र बाईंना दुसऱ्या भेटीत कळलं. विहिरीवर दोघीच असताना ती म्हणाली होती, "तालमीचं काय, बाई, परत करू. पन खरीच वेळ आली नि मामा म्हनाले, सकाळी बघू, तर? वाडी त्यांच्यासाठी थांबनार. आन् मी त्यांना टाकून पोरं घेऊन जाऊ का तिथंच बसू?" हे बाईंनी आम्हाला सांगितलं तेव्हा भजी आली होती, पण कोणी हात लावला नाही. पृथ्वीचं तापमान वगैरे सगळं राहिलं बाजूला. प्रश्न एवढाच उरला होता, की त्या सुनेच्या हाकेवर तिचा सासरा उंबरा ओलांडेल की नाही.

मग आम्ही नारळ-सुपारी घेऊन गेलो. बाईंनी आयुष्यभर मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवला. त्यांनी तो नारळ, दुसऱ्याचं रडकं पोर धरावं तसा धरला होता. आबांच्या ओटीवर पाट मांडला होता. बाईंनी नारळ पुढे केला. "आबा, भोंगा वाजला की वाडी घेऊन निघावं, ही विनंती." आबांनी नारळ कपाळाला लावला. "आता कसं रीतीनं झालं," ते म्हणाले. दाराआडून सून बघत होती. मला वाटलं, पडदा पाडायला हरकत नाही.

दुसरी तालीम. भोंगा वाजला आणि आबा ताबडतोब निघाले! डोक्याला फेटा, हातात काठी, मागे सगळी वाडी. पाच-दहा पावलं गेले आणि पहिल्या घरासमोर थांबले. का? तर पालखी प्रत्येक दारी थांबते. पायांना तेच ठाऊक. ते थांबले म्हणून त्या घरातली बाई गाठोडं खाली ठेवून ओवाळणीचं तबक घेऊन आली. पुढच्या घरी परत तेच. कुठूनसा ढोल आला. ढोल आला म्हटल्यावर दोन म्हातारे नाचायला लागले. आम्ही माळावर पोचलो तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. इतकं देखणं स्थलांतर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण तोवर डोंगर खाली येऊन, दम खाऊन, परत वर जाऊन बसला असता.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्या दिवशी आबांच्याच घरी जेवण होतं. आम्ही ओळीने बसलेलो, सून चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि तिची सासू वाढत होती. सासू म्हणजे बोटभर उंचीची, जेमतेम बोलणारी बाई. भाकरी वाढता वाढता ती समोरच्या भिंतीला म्हणाली, "पालखी देवळात शिरली की सगळ्यांच्या मागनं दार कोन लावतं?"

"मी," आबा म्हणाले. घास तोंडातच होता.

"मंग तो मान ल्हान हाय व्हय?"

आबा चावायचे थांबले. पुढे निघायचा मान थोर की शेवटी दार लावायचा, हा प्रश्न त्यांच्या घराण्यात याआधी कोणी विचारला नसावा. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"नाय," ते म्हणाले. "तो मोटा."

चुलीपाशी सुनेचा भाकरी थापणारा हात मध्येच थांबलेला मी पाहिला. मग परत थपथप सुरू झालं. झालं, ठरलं. आबांनी आपल्या अंगणाच्या कवाडाशी उभं राहायचं, एकेका घराला मान हलवून वाट द्यायची आणि सगळे गेल्यावर कवाड लावून शेवटी निघायचं. मी दिग्दर्शक, पण ही कल्पना मला सुचली नव्हती. नाटकात असं होतं. सगळ्यात चांगली सूचना चहा देणाऱ्याकडून येते.

यातला धोका तेव्हा कोणाच्याच ध्यानात आला नाही. शेवटी निघणारा माणूस निघालाच नाही, तर त्याच्या मागे त्याला ढकलायला कोणी उरत नाही.

तिसरी तालीम सरकारी साहेबांसमोर होणार होती. भोंगा वाजल्यावर वाडी मुकाट्याने माळावर येते, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं, तर माळावर निवाऱ्याची शेड बांधायला त्यांची ना नव्हती. पावसाळा निम्मा झाला होता. रात्रभर धो धो कोसळून सकाळी उघडीप मिळाली होती. साहेब आधी वर घाटातल्या रस्त्याची पाहणी करणार आणि उतरताना आमच्याकडे येणार, असा निरोप होता. साहेबांची गाडी दिसली की मी रुमाल हलवायचा आणि माझ्या रुमालावर सुनेने मूठ फिरवायची. वाडी नटूनथटून तयार होती. मिक्सरवालीने नवं लुगडं नेसलं होतं. मुंबईहून आलेला एक पुतण्या मोबाईल घेऊन सगळ्यांना सांगत होता, "टेन्शन नाय घ्यायचं, मी फुल शूटिंग करतोय. कॅमेऱ्यात बघायचं नाय हां काकी, नॅचरल वाटलं पायजे." आबांचा फेटा तर कोराच होता.

साहेब येईनात. मी रुमाल हातात घेऊन ताटकळलो होतो. आणि एकदम माझ्या पाठीमागे भोंगा वाजला.

नाटक बसवणाऱ्या माणसाला एक वेळ घर जळलं तर चालतं, पण नटीने आधी प्रवेश घेतलेला चालत नाही. मी तरातरा तिच्याकडे गेलो. "अगं, रुमाल कुठे हलवला मी? साहेब यायचेत अजून!"

तिने मूठ फिरवणं थांबवलं नाही. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. साहेब येईपर्यंत ओढा बघून यायला गेलेली, ती तिथूनच धावत आली होती.

"सर, वढ्याचं पानी लाल झालंय," ती म्हणाली. "आत्ता. बघता बघता."

बाई पलीकडेच होत्या. त्यांनी ऐकलं. एकदा वरच्या डोंगराकडे पाहिलं आणि मला दंडाला धरून खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोणाला काही बोलू नका. तालीमच आहे असं समजू दे. तालमीसारखे येतायत, तसे येऊ देत."

मला बोलायचंच नव्हतं. माझ्याजवळ त्या वेळी एकही विनोद शिल्लक नव्हता, आणि असं सहसा होत नाही.

खाली वाडी हलली. आणि काय हलली! वरची घरं निघाली, मग मधली, मग खालची. आबा कवाडाशी उभे. एकेक घर समोर आलं की ते मान हलवत आणि ते घर पुढे सरके. कोणी थांबलं नाही, ओवाळलं नाही, ढोल वाजला नाही. माणसं हसतखिदळत माळावर चढत होती. "काय सर, बरोबर जमलं ना आज?" मी हसून मान डोलावत होतो. मी बरा नट आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. सासूबाई सुनेची दोन्ही पोरं घेऊन वर आल्या. सुनेने पोरांकडे पाहिलं आणि परत खाली नजर लावली.

खाली कवाडाशी दोनच माणसं राहिली होती. आबा आणि तो मुंबईकर पुतण्या.

"जा रे तू पुढं," आबांचा आवाज माळापर्यंत स्पष्ट येत होता.

"तुम्ही पुढं व्हा ना काका. मी मागनं शॉट घेतो. काय भारी येईल!"

"शेवटचा मान माझा हाय. तू हो पुढं."

"ओ काका, दोन मिंटाचा सवाल हाय!"

शेवटी पुतण्या उलटा चालत निघाला, मोबाईल आबांवर रोखून. आबांनी कवाड ओढलं. कडी घातली. आणि निघायच्या ऐवजी कवाडाबाहेरच्या दगडावर बसले. काठी मांडीवर आडवी घेतली.

"आबा, या की वर!" माळावरून कोणीतरी हाक मारली.

"सायेब येऊ देत," आबा म्हणाले. "सायेबांनी बघायला नको, शेवटी कोन निघतं ते?"

लोक हसले. तालीमच होती त्यांच्या लेखी. बाईंनी हाक मारली, मी मारली. आबांनी काठी वर करून आम्हाला धीर धरायची खूण केली. मी खाली जायला निघणार तेवढ्यात माझ्या बाजूने आवाज आला, आणि तो भोंग्याचा नव्हता. ज्या सुनेने लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, जी त्यांच्याशी बोलायचं तर सासूमार्फत बोलत असे, ती भोंगा सोडून माळाच्या कडेला गेली आणि सगळ्या वाडीदेखत ओरडली,

"ओ मामा! खड्ड्यात गेला तुमचा मान! पळा!"

माळावरचं हसू जागच्या जागी थिजलं.

आबा उठले. क्षणभर त्यांनी वर बघितलं, मग काठी टाकली आणि पळाले. सत्तरी ओलांडलेला मानकरी कोरा फेटा सुटून पाठीवर लोळतोय तरी चढणीवरून धावत होता, आणि पुढ्यात उलटा चालणारा पुतण्या मोबाईल धरून आपोआप पळायला लागला होता. धापा टाकत दोघे माळावर आले. सून परत भोंग्यापाशी जाऊन उभी राहिली होती. पदर पार नाकापर्यंत ओढलेला, नजर जमिनीत.

आणि तेव्हा साहेबांची गाडी आली.

"माफ करा, फार उशीर झाला," साहेब उतरता उतरता म्हणाले. "वर रस्त्यावर माती आली होती. जेसीबीवाल्याने आमच्यासमोर सगळी ओढ्यात लोटली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. झाली का तुमची तालीम?"

वाडीने ओढ्याकडे बघितलं. लाल पाणी वाहत होतं. मग वाडीने सुनेच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघितलं. हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडत गेला तो मी चेहऱ्याचेहऱ्यावरून सरकताना पाहिला.

"म्हंजे खाली-पिली पळवलं आमाला!" मुंबईकर म्हणाला. "काय वैनी! काकांचा तर पार पोपट केलात."

"गढूळ पाणी दिसलं की निघायचं," बाई कडाडल्या. "कारण शोधत बसायचं नाही. मीच शिकवलंय तिला. आज जेसीबी होता, उद्या डोंगर असेल. बरोबर केलं तिने."

बाईंचं शास्त्र चोख होतं, पण निकाल बाईंच्या हातात नव्हता. कोणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळी वाडी बघत होती आबांकडे. सासूबाईंनी पोरांचे हात घट्ट धरले होते. सुनेने भोंग्याची मूठ अजून सोडली नव्हती. भर वाडीत, सरकारी माणसाच्या आगमनप्रसंगी, घराण्याचा मान तिने खड्ड्यात घातला होता, आणि तोही जेसीबीच्या मातीसाठी. आबा आता जे बोलतील त्यावर, पुढच्या वेळी भोंगा वाजला तर कोण उठणार आणि कोण नाही, ते ठरणार होतं.

साहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना दिसला तो धापा टाकणारा, फेटा सुटलेला एक म्हातारा. ते जवळ आले आणि मायेने म्हणाले, "काय आबा, या वयात एवढं धावायचं? नुसती तालीमच होती ना? दरडीची इतकी भीती घेतलीत?"

आबांनी डोंगराकडे बघितलं. मग भोंग्याकडे बघितलं. सुटलेल्या फेट्याने तोंडावरचा घाम पुसला. आणि त्यांच्या तोंडून पलीकडच्या डोंगरापर्यंत जाणाऱ्या आवाजात निघून गेलं,

"दरडीला कोन भितंय, सायेब? मी सुनंला भ्यालो!"